तीन श्वास आणि एक माठ : मुलांना योग आणि सेवा एकत्र का शिकवायची

एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्या पायाचा तळवा मांडीला टेकवायचा, हात डोक्यावर जोडायचे. सांगायला एवढंच. पण शनिवारच्या सकाळच्या शाळेत सहावीच्या वर्गाला वृक्षासन करायला सांगितलं, की दहा आकडे मोजून होईपर्यंत निम्मी झाडं उन्मळून पडलेली असतात. एक पडलं की शेजारचं हसतं, आणि हसलं की तेही पडतं.

मग मी पटांगणातल्या कडुनिंबाकडे बोट दाखवते. बुंध्यावर छातीच्या उंचीला एक गाठ आहे. ‘त्या गाठीकडं बघायचं. नजर हलली तरी चालेल, पण परत गाठीवर आणायची.’ पुन्हा मोजायला घेतलं की वीस-पंचविसापर्यंत बहुतेक जण टिकतात.

यात जादू काही नाही. तोल सांभाळायला आपलं शरीर तीन ठिकाणांहून खबर घेत असतं : डोळ्यांकडून, कानाच्या आतल्या तोलाच्या इंद्रियाकडून आणि तळव्यांतून-सांध्यांतून. नजर सैरभैर असली की पहिली खबर क्षणाक्षणाला वेगळी येते आणि पाय गोंधळतो. नजर ठरली की बाकीच्या दोघांना काम सोपं जातं.

मी पारोळा तालुक्यात, बोरी नदीच्या काठच्या एका गावात शिकवते. आसनांचा तास आणि त्याला जोडून गावातलं एखादं काम, असं आमचं शनिवारचं वेळापत्रक आहे. पालकसभेत दर वर्षी कुणीतरी विचारतंच, ‘मॅडम, योगा ठीक आहे, पण पोरांना लोकांच्या घरी कशाला पाठवता? दोन्हीचा संबंध काय?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर जरा लांब आहे, म्हणून लिहूनच काढलं.

आधी शब्दांचा गुंता सोडवू. योग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सतरंजी आणि वाकलेलं अंग येतं. २०१५ पासून २१ जूनला योग दिन साजरा होऊ लागला, तेव्हापासून तर हे चित्र आणखीच पक्कं झालं. पण पतंजलींच्या जवळजवळ दोनशे सूत्रांत आसनांबद्दलची सूत्रं जेमतेम तीन आहेत. त्यांनी योगाची आठ अंगं सांगितली, त्यात आसन तिसरं. पहिलं अंग यम, म्हणजे इतरांशी कसं वागायचं : मारायचं नाही, खोटं बोलायचं नाही, दुसऱ्याचं घ्यायचं नाही, गरजेपेक्षा जास्त साठवायचं नाही. शाळेच्या भाषेत सांगायचं तर पहिला धडा सोडून आपण थेट तिसऱ्या धड्यावर उडी मारतो आणि मग पोरांना गणित येत नाही म्हणून ओरडतो.

त्याहून मला आवडते ती एक दुसरी जागा. मन शांत कसं होईल याचा उपाय सांगताना पतंजली म्हणतात, सुखी माणसाशी मैत्री ठेवा, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं काम करणाऱ्याला बघून आनंद माना आणि वाईटाकडे दुर्लक्ष करायला शिका. म्हणजे चित्त शांत करायचा रस्ता शेजाऱ्याच्या अंगणातून जातो, हे मूळ सूत्रांतच आहे. सेवा ही आम्ही मागाहून चिकटवलेली गोष्ट नाही.

आणि खान्देशाला तर हे परकं मुळीच नसावं. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवारी त्यांनी गीतेचे अठरा अध्याय सोबतच्या कैद्यांना समजावून सांगितले आणि ते लिहून घेतले साने गुरुजींनी. कर्म हाही योग आहे, हातातलं काम मन लावून आणि स्वतःसाठी काही न मागता करणं हीसुद्धा साधनाच आहे, ही गोष्ट इतक्या साध्या मराठीत सांगितली गेली ती धुळ्यात, आपल्या पांझरा नदीच्या काठी. त्याआधी, १९२४ ते १९३० या काळात, साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत मास्तर होते आणि वसतिगृह सांभाळत होते. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडून ठेवत, आजारी पोराच्या उशाशी बसत. त्यांनी सेवेवर व्याख्यान किती दिलं ते बाजूला ठेवा. मुलं सकाळी उठायची तेव्हा खोली झाडलेली असायची.

दुसरा शब्द ‘माइंडफुलनेस’. हल्ली मोठ्या शाळांच्या जाहिरातींत तो असतोच. मराठीत कुणी सजगता म्हणतं, कुणी अवधान. मला विचाराल तर आपल्याकडे त्याला एक घरगुती शब्द आहे : भान. गंमत अशी की हा शब्द आपण फक्त रागवायला वापरतो. ‘भानावर ये!’ ‘काही भान आहे का?’ पण भानावर यायचं कसं, हे त्या पोराला कुणी शिकवलेलं नसतं. पोहता न येणाऱ्याला काठावरून ‘पोह, पोह’ ओरडण्यासारखं आहे ते.

भान म्हणजे आत्ता, इथं, माझ्यात आणि माझ्याभोवती काय चाललंय ते कळणं, आणि लगेच त्यावर उडी न मारणं. बास. आसोद्याच्या बहिणाबाईंनी मनाला उभ्या पिकात शिरणाऱ्या ढोराची उपमा दिली, ती इथल्या प्रत्येक पोराला तोंडपाठ असते. मी ती उपमा थोडी पुढे नेते. वर्गात विचारते, ‘ढोर पिकात शिरलं तर तुम्ही काय करता?’ ‘हाकलतो.’ ‘परत आलं तर?’ ‘परत हाकलतो.’ ‘त्याच्यावर चिडून उपयोग होतो?’ इथं राखोळीचा अनुभव असलेली पोरं हसतात. चिडून पळवलं तर ढोर आणखी पीक तुडवतं, हे त्यांना ठाऊक असतं. मग लक्षाचंही तसंच. ते जाणार. गेलेलं कळलं की हळूच वळवून आणायचं. ‘मॅडम, मन्हं मन थांबतच नही,’ असं एका मुलानं पहिल्याच आठवड्यात रडवेलं होऊन सांगितलं होतं. त्याला म्हटलं, थांबत नाही हे तुला कळलं ना, तेच तर शिकायचं होतं.

लहान मुलांना ‘डोळे मिटा, मन शांत करा’ म्हणून भागत नाही. त्यांना हातात काहीतरी लागतं. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या दवाखान्यात दुखण्यानं बेजार झालेल्या रुग्णांना ध्यान शिकवायला सुरुवात केली. त्यांच्या पद्धतीत एक मनुका अगदी सावकाश खायला देतात. आमच्याकडे भुईमुगाची शेंग. प्रत्येकाला एकच. आधी नुसती बघायची : टरफलावरच्या जाळीच्या रेषा, देठाकडची माती. मग कानाशी धरून हलवायची. दाणे खुळखुळतात की नाही? मग फोडायची, सगळ्यांनी एकदम नाही, एकेकानं, म्हणजे प्रत्येक ‘कट्’ ऐकू येतो. लाल फोलपटाचा वास. दाणा जिभेवर ठेवायचा, चावायचा नाही, आणि तोंडाला पाणी सुटतं ते जाणवायचं. चाळीस पोरांच्या वर्गात पाच मिनिटं अशी शांतता मी वार्षिक तपासणीच्या दिवशीही पाहिलेली नाही. एका मुलीनं नंतर सांगितलं, आजवर इतक्या शेंगा खाल्ल्या, पण टरफलाच्या आतली बाजू एवढी गुळगुळीत असते हे कधी बघितलंच नव्हतं.

आता श्वास. इथं थोडं शरीरशास्त्र लागेल, पण ते मनगटावर बोट ठेवून करता येतं. पोरांना पटांगणाच्या दोन फेऱ्या पळवायच्या आणि मग नाडी शोधायला लावायची. धडधड लागली की सांगायचं : दोन आकडे मोजून श्वास आत, चार आकडे मोजून बाहेर. सात-आठ श्वासांनंतर नाडी मंद होत जाते. पळून झाल्यावर ती तशीही मंद होतेच, हे पोरंच दाखवून देतात. मग दुसरी वेळ बसल्या जागी करायची. नीट लक्ष दिलं तर श्वास घेताना ठोके जरा भरभर पडतात आणि सोडताना सावकाश. सगळ्यांचं तसंच असतं, मुलांत तर ते जास्त ठळक असतं. मेंदूतून निघून छाती-पोटापर्यंत जाणारी एक लांब नस आहे, व्हेगस तिचं नाव. ती हृदयाचा ब्रेक आहे म्हणा. श्वास सोडताना हा ब्रेक लागतो, घेताना सैल होतो. म्हणून सोडायचा श्वास लांबवला की ब्रेक जास्त वेळ लागून राहतो. ‘राग आला की दीर्घ श्वास घे’ हा आपल्या आयांचा सल्ला अर्धाच बरोबर आहे. घेऊ नको, सोड.

राग आल्यावर डोकं का चालत नाही, हेही मुलांना कळतं. मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो. धोका दिसला की तो रखवालदारासारखा आधी ओरडतो. कपाळामागचा भाग घरमालकासारखा, थांबवणारा, विचार करून ठरवणारा. हा मागचापुढचा विचार करणारा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो. म्हणजे बारा वर्षांच्या पोरानं रागात पाटी फेकली, तर त्याचा रखवालदार जागा आहे, पण घरमालक अजून लहान आहे. लांब सोडलेला श्वास त्या घरमालकाला दार उघडायला चार सेकंद देतो. एवढंच त्याचं काम, त्याहून जास्त फुशारकी नको.

फुशारकी नको हे मुद्दाम म्हणते, कारण या विषयात ती फार चालते. ‘रोज दहा मिनिटं ध्यान करा, गुण वाढवा’ छापाचे फलक मी पाहिलेत. खरं चित्र काय आहे? अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात २००१ साली दोन भाऊ आणि त्यांच्या कॉलेजातल्या एका मित्रानं होलिस्टिक लाइफ फाउंडेशन ही संस्था काढली. हाणामाऱ्या आणि गरिबी रोजचीच असलेल्या वस्तीतल्या मुलांना ते शाळेत आसनं, श्वास आणि ध्यान शिकवतात; त्यासोबत आपली वस्ती आपण सांभाळायची हेही. शिकलेली मुलं मोठी होऊन तिथेच शिकवायला लागली. त्यांच्या कामावरचा एक अभ्यास २०१० साली छापून आला : चार शाळा, चौथी-पाचवीची ९७ मुलं, बारा आठवडे. ज्यांना शिकवलं त्यांच्या डोक्यात तेच तेच विचार घोळत राहणं कमी झालं. ९७ हा आकडा लहानच, पण सुरुवात चांगली.

मग २०२२ साली ब्रिटनमधून आलेला निकाल वाचला. तिथं ८५ शाळांत, आठ हजारांहून जास्त मुलांवर मोठा प्रयोग झाला. शिक्षकांना प्रशिक्षण देऊन वर्गात माइंडफुलनेसचे धडे घेतले. निष्कर्ष : नेहमीच्या शिकवण्यापेक्षा मुलांच्या मानसिक आरोग्यात काही खास फरक नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. आधीच मनानं खचलेल्या मुलांच्या बाबतीत तर जपून जावं असंही पुढे आलं.

हे वाचून मला वाईट वाटलं नाही, उलट हायसं वाटलं. कारण माझ्याही वर्गात नुसतं डोळे मिटून बसणं तिसऱ्या शनिवारी कंटाळवाणं झालं होतं. बारा वर्षांच्या पोराला ‘आत बघ’ म्हटलं तर ते एकदा बघेल, दोनदा बघेल, मग विचारेल, बघून करू काय? सतार जुळवून ठेवायची आणि वाजवायची कधीच नाही, असा प्रकार. लक्ष वापरायला जागा लागते.

ती जागा म्हणजे दुसरं माणूस. मदत करायची हौस माणसात किती लवकर असते यावर २०१२ साली एक मजेशीर अभ्यास झाला. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना खाऊ दिला आणि एका बाहुल्यालाही द्यायला सांगितलं. बाळं खाऊ मिळाल्यावर खूश होती, पण देताना जास्त. आणि स्वतःच्या वाटणीतला दिला तेव्हा सगळ्यात जास्त. थोड्या मोठ्या मुलांचं म्हणाल तर कॅनडात दहावीच्या १०६ मुलांपैकी निम्म्यांना साधारण दोन महिने, आठवड्यातून एकदा, लहान मुलांच्या मदतीला पाठवलं. २०१३ साली त्याचे निकाल आले. मदतीला गेलेल्यांच्या रक्तातली सूज दाखवणारी खूण आणि कोलेस्टेरॉल दुसऱ्या गटापेक्षा कमी भरलं. ज्यांच्यात दुसऱ्याबद्दल कळवळा जास्त वाढला, त्यांना फायदाही जास्त झाला. म्हणजे नुसतं जाऊन येण्यानं नाही, मन लावण्यानं.

आमची पहिली सेवा मात्र साफ फसली, आणि चूक माझीच. २ ऑक्टोबर होता. खराटे घेऊन आम्ही गावचा बसथांबा झाडला, घोषणा दिल्या, फोटो काढला, तो ग्रुपवर टाकला आणि दहाच्या आत शाळेत परत. दुपारी थांब्याजवळचे चहावाले जिभाऊ फाटकाशी आले. ‘मॅडम, फोटो चांगला आला. ढीग कोन उचलनार?’ कचऱ्याचा ढीग आम्ही रस्त्याकडेला तसाच ठेवला होता. संध्याकाळपर्यंत वारा आणि शेळ्या यांनी तो पुन्हा गावभर केला. चाळीस मुलांतल्या एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही. सगळ्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे होतं.

तेव्हा कळलं की भान नसलेली सेवा फोटोपाशी थांबते. त्यानंतर आम्ही तीन नियम केले. ज्याच्यासाठी काम करतो त्याचा फोटो नाही. कामाला जाण्याआधी त्याला विचारायचं, काय हवंय. आणि दारात थांबून तीन श्वास घ्यायचे. पहिल्या श्वासाला आपलं अंग कसं आहे ते बघायचं, घाई आहे का, हसू दाबतोय का. दुसऱ्याला कान उघडायचे, आत काय आवाज येतोय. तिसऱ्याला समोरच्या माणसाकडे बघायचं, मग तोंड उघडायचं. हे शनिवारच्या तासाचंच गृहपाठ आहे, फक्त सतरंजीऐवजी उंबऱ्यावर.

आम्ही जातो ती एक आजी एकटी राहते. मुलं सुरतेला कामाला, खान्देशातल्या किती घरांची हीच कथा. गावात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि कळशी उचलणं तिला जमत नाही. म्हणून दर शनिवारी चार मुलं जाऊन तिचा माठ विसळून भरून देतात, अंगणातलं पिंप भरतात. तीन श्वासांचा नियम नव्हता तेव्हा चौघं एकदम बोलत घुसायची आणि आजी नुसती ‘हा, हा’ करायची. नियमानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला एक मुलगा येऊन सांगू लागला, ‘आजीला डाव्या कानानं ऐकू येत नाही. आपण खाटेच्या चुकीच्या बाजूला उभे राहतो.’ तोपर्यंत सगळ्यांना वाटायचं, आजीला बोलायची आवड नाही.

सेवेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार जपावी लागते, आणि ती लाजेची गोष्ट आहे. काम वाटताना गावाची जुनी उतरंड नकळत आत शिरते. मुली झाडतात, मुलं खुर्च्या उचलतात; आणि काही विशिष्ट पोरांच्याच हातात खराटा येतो. मी चिठ्ठ्या टाकते. ज्याच्या नावाची निघेल त्यानं ते करायचं, सरपंचांचा नातू असो की आणखी कुणी. दुसरं असं की शिक्षा म्हणून पटांगण झाडायला लावायचं नाही. एकदा झाडण्याला शिक्षा केलंत की त्याच खराट्याला पुढच्या शनिवारी सेवा म्हणता येत नाही; पोरं एवढी भोळी नसतात. आणि गरीब घरातलं मूल फक्त घेणारं राहू नये. ज्याच्या घरी लोक वह्या वाटायला येतात, त्या पोरालाही कुणाला तरी काही देता आलं पाहिजे.

योगाच्या बाजूची काळजी थोडक्यात. पोट भरलेलं नको. खाऊन दोन-तीन तास तरी झालेले हवेत, म्हणून सकाळ बरी. मार्च उजाडला की साडेआठनंतर पटांगण तापायला लागतं, तेव्हा व्हरांडा गाठायचा. लहान मुलांना श्वास कोंडून ठेवायला लावू नये, भस्त्रिका-कपालभातीची स्पर्धा नको, शीर्षासन तर नकोच. वाढत्या मानेवर भार कशाला? दमा, फिट, हर्निया असेल तर घरच्यांना विचारून, डॉक्टरांच्या सल्ल्यानंच. डोळे मिटायची सक्ती कधीच करायची नाही. ज्या पोरानं घरी मारहाण पाहिलीय त्याला डोळे मिटून शांत बसणं भीतीचं वाटू शकतं; तो जमिनीकडे बघत बसला तरी चालतं. कुणी फारच अस्वस्थ, गप्प किंवा रडवेलं होत असेल तर श्वासाचा खेळ त्यावरचं औषध नव्हे, समुपदेशकाकडे न्यावं. भ्रामरीत, म्हणजे भुंग्यासारखा आवाज करत श्वास सोडताना, आम्ही ओठ मिटून नुसतं गुणगुणतो. कुणाच्या घरच्या श्रद्धेला त्यामुळे धक्का लागत नाही, आणि लांब सोडलेला श्वास तसाही मिळतो. पाळीच्या दिवसांत काय करायचं ते मुलीनं ठरवावं, तिला कारण विचारू नये. वेळेचा माझा अंदाज असा : पहिली-दुसरीला शांत बसणं एखाद-दोन मिनिटं, पाचवीपर्यंत चार-पाच, त्यापुढे दहा. जास्त ताणलं की पोरं मिटल्या डोळ्यांनी शेजाऱ्याला चिमटे काढतात.

वेगळा तास कुठून आणू, असं सहकारी विचारतात. २०२४ पासून पहिली ते आठवीला ‘आनंददायी शनिवार’ आलाय, त्यात योग-प्राणायामाला जागा आहेच. सेवेला जागा नेहमी होती. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे, स्काऊटच्या पोराला रोज एक सत्कृत्य सांगितलेलं असतं. दोन्ही एकाच सकाळी, एकापाठोपाठ ठेवायचं एवढाच आमचा बदल. वीस मिनिटं आसनं आणि श्वास, चाळीस मिनिटं काम, शेवटची दहा मिनिटं गोल बसून एकच प्रश्न : आज काय दिसलं? काय केलं असं विचारलं की पोरं बढाया मारतात. काय दिसलं विचारलं की आठवायला लागतात.

त्या गोलातच गेल्या जानेवारीत सहावीतली एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, आजीचा माठ मागच्या शनिवारी भरला तेवढाच होता. आपण ते पाणी ओतून दुसरं भरलं.’ बाकीचे म्हणाले, थंडी आहे, कमी पीत असेल. ती म्हणाली, एवढं कमी? पुढच्या खेपेला तिनं खाटेच्या उजव्या बाजूला बसून विचारलं. आजी बराच वेळ टाळत राहिली. मग म्हणाली, ‘बेटा, पानी पिधं का रातले उठनं पडस. अंधारामा भेव वाटस.’ संडास अंगणाच्या टोकाला होता आणि तिथला दिवा कधीपासून बंद होता. आजी अंधाराला घाबरून दिवसाही पाणी पीत नव्हती, आणि आम्ही चार महिने मोठ्या अभिमानानं तिचा माठ भरत होतो.

वर्गातल्या एका मुलाचे वडील वायरमनचं काम करतात. रविवारी ते आले, होल्डर बदलला, बटण आजीच्या खाटेजवळ आणून दिलं. अर्ध्या तासाचं काम.

त्यानंतरच्या शनिवारी मीही सोबत गेले. पोरांनी दारात चपला काढल्या, तीन श्वास घेतले. एक जण कळशी घ्यायला वळला, तर ती मुलगी आधी माठाकडे गेली. झाकण बाजूला केलं, आत ओगराळं सोडलं. ते तळाला लागलं, टण्.